जुन्या मापाचं जाकीट

आमच्या वहिनीला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणते. नवीन माणसाला वाटतं, ही कुठल्या तरी शाळेत शिकवत असणार. शाळेचं आणि तिचं कधी जमलं नाही. आमच्या शिवणाच्या धंद्यात जो कापड बेतून कापतो तो मास्तर, आणि जो मशीनवर बसून शिवतो तो कारागीर. आमच्या दुकानात वहिनी मास्तर आणि माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, कारागीर. तिसरी मी. काजं, बटणं, कडांचं हेमिंग आणि इस्त्री माझ्याकडे. मी लग्न केलं नाही. स्थळं आली होती, पण मला कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही आणि ती सवय लावून घ्यायची हौसही नव्हती.

दुकान खाली, आम्ही वर राहतो. मधे लाकडी जिना. दुकान मूळचं बाबांचं. बाबांची दादावर फार मदार होती, आणि दादाच्या हातात सोनं आहे हे मी सुद्धा मान्य करते. त्याने मारलेली टीप बघावी, रुळासारखी सरळ जाते. पण कात्री हातात दिली की त्याला घाम फुटतो. कापड एकदा कापलं की कापलं, हेच त्याच्या डोक्यात बसलेलं. खडूने रेघ मारेल, पुसेल, परत मारेल, परत पुसेल. बाबा म्हणायचे, याच्या भरवशावर राहिलो तर गिऱ्हाइकं नागडी फिरतील.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, वर घर सांभाळेल. एक दिवस कुणाचं तरी महागाचं कोटाचं कापड टेबलावर पसरलेलं. बाबांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, त्यामुळे काम दादाकडे आलेलं. दादा सकाळपासून खडू घेऊन उभा. वहिनी चहा घेऊन खाली आली, कप ठेवला, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सरका जरा." मग कात्री उचलली आणि कापत सुटली. मी तर डोळेच मिटून घेतले. कोट झाला, गिऱ्हाइकाने घातला, खांद्यावर एक सुरकुती नाही. बाबांनी गळ्यातली टेप काढून तिच्या गळ्यात घातली. मी रुसले, कारण ती टेप कधीतरी माझ्याकडे येईल असं मला वाटत होतं. पण एकाच टेबलावर जेवायचं असलं की माणूस किती दिवस रुसणार?

तिचे काही नियम होते. माप मोठ्याने सांगायचं, हा पहिला. पोट सुटलेले लोक कानाशी येऊन म्हणत, "मास्तरीणबाई, जरा हळू." ही आणखी मोठ्याने, "कमर बेचाळीस. कापडाला लाज वाटत नाही, तुम्हाला कशाला वाटते?" दुसरा नियम, जुनं माप चालणार नाही. कुणी म्हणालं की मागच्या वेळचंच माप धरा, तर तिचं उत्तर ठरलेलं असे, "मागच्या वेळचा माणूस घेऊन या, धरते." गिऱ्हाइकं हसायची आणि मुकाट्याने हात वर करून उभी राहायची.

स्वतःला मात्र तिने कधी टेप लावली नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. खाकी कागदाचा तिच्या मापाचा एक फर्मा खिळ्याला टांगलेला असायचा, तिची लेक शाळेत होती तेव्हा कधीतरी कापलेला. तो कापडावर ठेवायचा, भोवती खडू फिरवायचा, कापायचं. ढगळ पायांची, कमरेला बसणारी पँट आणि वर लांब शर्ट, शर्टाला दोन मोठे खिसे, एकात खडू, एकात टाचण्या. बारा महिने हाच वेश.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. अंगावर काढण्यात आमचं घर पटाईत, त्यामुळे आतड्याचा कॅन्सर आहे हे कळायला उशीर झाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, मधे बरे दिवस आले. आम्ही म्हटलं, सुटलो. तर तो यकृतात निघाला. मग दुसरं औषध. त्या औषधाने तिच्या बोटांची टोकं बधिर झाली. टाचणी टोचली तरी कळायचं नाही, कापडावर रक्ताचा ठिपका दिसला की म्हणायची, "अरेच्चा, मीच वाटतं." कात्री निसटायला लागली तर तिने मुठीला चिंधी गुंडाळली आणि काम चालू ठेवलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसली बाई.

मागच्या हिवाळ्यात पुन्हा स्कॅन झाला. दुकान बंद ठेवून आम्ही तिघं हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरीणबाई वयाने आमच्या लेकीएवढ्या, पण बोलायला सरळ. त्या म्हणाल्या, "हे औषध आता काम करत नाही. यकृतातल्या गाठी वाढल्यात. आणखी एक औषध आहे, त्याचा थोड्या लोकांना उपयोग होतो. किंवा मग आपण गाठींच्या मागे लागणं थांबवायचं आणि दुखणं, मळमळ, झोप यांकडे बघायचं. कुठली वाट घ्यायची ते बरंचसं तुमच्या ताकदीवर आहे. तुम्हीच सांगा, कसं वाटतंय? खाणं कसं आहे? कपडे सैल होतायत का?"

वहिनीचा चेहरा उजळला. कुणीतरी एकदाचं तिच्या भाषेत विचारलं होतं. ती उठून उभी राहिली, शर्ट वर केला आणि पँटच्या पट्टीत अंगठा घालून दाखवला. "बघा, अगदी मापात. अंग टिकून आहे माझं."

डॉक्टरीणबाईंनी समोरच्या पडद्याकडे पाहिलं. "काट्यावर तर वजन बरंच उतरलंय."

"तुमचा काटा तुमच्यापाशी," वहिनी म्हणाली. "आम्ही इंचात मोजतो. काटा बिघडतो, कापड खोटं बोलत नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण पुरतं हसल्या नाहीत. आठवडाभर विचार करून या म्हणाल्या. दादा सगळा वेळ फरशीकडे बघत बसला होता. मला वाटलं, धास्तावलाय बिचारा.

परत येताना बसमधे वहिनी माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, "घेते मी ते औषध. अंग खंगलं असतं तर म्हटलं असतं, भीक नको पण कुत्रं आवर. पण ताकद असताना हातपाय गाळून बसणं माझ्याच्याने व्हायचं नाही." मला पण धीर आला. गाल बसलेले होते, घड्याळ मनगटावरून कोपराकडे पळत होतं, ते तिलाही दिसत होतं. पण ते ती औषधाच्या माथी मारायची. एकदा म्हणाली, तोंड उतरतं गं औषधाने, कमर बघ, कमर जागेवर आहे. आणि कमर होतीच जागेवर, मी रोज बघत होते की.

त्यानंतर एका दुपारी मी घरचे कपडे इस्त्रीला घेतले. वहिनी जेवून वर झोपली होती. तिची करडी पँट उलटी केली, ओलं फडकं ठेवलं, इस्त्री फिरवली आणि फडकं उचललं, तर मागच्या शिवणीशेजारी बारीक भोकांची एक रांग. सुईची भोकं. टीप उसवली तरी ती राहतात, वाफ लागली की उठून दिसतात. म्हटलं, एकदा आत घेतली असेल. नीट बघितलं तर तिच्यापलीकडे दुसरी रांग, आणि तिच्यापलीकडे तिसरी. मी बाकीचे कपडे काढले. सगळ्या पँटी तशाच. शर्टांच्या कडा आत घेतलेल्या, खांदे उचललेले, आतलं जास्तीचं कापड कापून कड परत गुंफलेली, म्हणजे हाताला जाड लागायला नको. वहिनीची टीप मशीनवर वाकडी जाते. ही सरळ होती, रुळासारखी.

माझं डोकंच फिरलं. दादा मशीनवर बसला होता. मी पँट त्याच्यासमोर टाकली. "हे काय आहे?"

"ओरडू नको, ती झोपलीय."

"ओरडत नाही. विचारतेय."

त्याने पायडलवरून पाय काढला. पँट उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाला, "पहिल्यांदा पँट सैल झाली ना, तेव्हा तिने हूक लावला आणि ती खाली घसरली. ती बिछान्यावर बसून राहिली. त्या दिवशी दुकानात आलीच नाही. आजपर्यंत असं झालंय का कधी? ऑपरेशन झाल्यावर सुद्धा पायऱ्यांवर बसून हुकूम सोडत होती. मग मी ती रात्रीतून आत घेतली. सकाळी तिने घातली तर बसली. मला म्हणाली, काल काहीतरी माझंच चुकलं, पोट रिकामं असेल. आणि टेबलावर जाऊन कापायला लागली." त्याने पँटची घडी केली. "एवढंच केलंय मी."

"एवढंच? आणि नंतर?"

"नंतर ती दुपारची झोपते तेव्हा."

"शहाणाच आहेस. डॉक्टरीणबाईंपुढे शर्ट वर करून ती काय बोलली ते ऐकलंस ना? तुझ्या शिवणीवर विसंबून ती ते औषध अंगात घ्यायला निघालीय."

"घेऊ दे ना," दादा म्हणाला. "घेतलं तर राहील कदाचित."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. झाकली मूठ तिच्यासाठी ठेवली होती हे खरंच, पण त्यातली अर्धी त्याच्या स्वतःसाठी होती. तिने घाबरून नको म्हणू नये, म्हणून तो शिवत बसला होता. मला त्याचा राग आला आणि दयाही आली, आणि दोन्ही एकदम आलं की मला फार त्रास होतो.

"तुझी शिवण तूच उसव," मी म्हटलं. "हॉस्पिटलात जायच्या आधी तिला सांग."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

दादाचं सांगतो म्हणजे खडूची रेघ. मारली आणि पुसली. सकाळी जिन्यात मी त्याच्याकडे बघायचे, तो मान हलवायचा आणि दिवस तसाच जायचा. मीच का नाही सांगितलं? नवरा-बायकोत तोंड घातलं तर आपलंच तोंड भाजतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे मला भीती वाटली. तिचा उजळलेला चेहरा मी पण बघितला होता.

लेक दुसऱ्या गावी असते. तिचा रोज फोन. आई घे, आई हार मानू नको, आई माझ्या मैत्रिणीच्या काकूंना या औषधाने फरक पडला. वहिनी म्हणायची, "घेतेय बाई, घेतेय. काकूंना नमस्कार सांग."

आणि मग तिने जाकीट शिवायला काढलं. केमोच्या खोलीत गारठा असतो, तासन्‌तास सुई लावून बसायचं तर उबदार काहीतरी पाहिजे. मागे पडलेलं निळं लोकरी कापड तिने शोधून काढलं, टेबलावर पसरलं, खिळ्यावरून फर्मा काढला आणि त्याच्याभोवती खडू फिरवला. किती दिवसांनी स्वतःसाठी काही करत होती. गुणगुणत होती. मी दादाकडे बघितलं. आता तरी तोंड उघड, असं मी डोळ्यांनी सांगितलं. दादा उठला आणि म्हणाला, "अस्तर नाहीये. घेऊन येतो." आणि गेला. अस्तराचे तीन तागे मागच्या फळीवर पडलेले होते.

वहिनीने कापलं. कात्रीची चिंधी गुंडाळलेली मूठ दोन्ही हातांनी धरून, थांबत थांबत, पण कडा सुरीने कापल्यासारख्या. मग म्हणाली, "ते येईपर्यंत तू कच्चं शिवून दे ना. अंगावर टाकून बघते."

मी शिवलं. दादाने शिवलं असतं तर त्याने गुपचूप शिवणीत जास्त कापड दाबून जाकीट लहान केलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. मलाही जमलं असतं तेवढं. पण मी खडूवर खडू ठेवून शिवलं, एक दोरा आत नाही की बाहेर नाही.

तिने ते घातलं आणि आरशापुढे उभी राहिली. खांद्याची शिवण दंडावर आली होती. पुढचे दोन्ही पदर एकमेकांवरून जाऊन बगलेपर्यंत पोचत होते. बाह्यांतून नुसती बोटं दिसत होती.

"वन्सं, काय शिवलंत हे?" ती म्हणाली. एरवी मला ती अगं-तुगं करते. रागावली की वन्सं आणि तुम्ही.

"फर्म्याबरहुकूम."

तिने जाकीट काढलं, टेबलावर पसरलं, फर्मा वर ठेवला. कडेला कड लागत होती. तिने परत लावून बघितलं. मग ती हळूच स्वतःच्या पँटकडे बघायला लागली. काही न बोलता माप घ्यायच्या पडद्याआड गेली आणि कमरेला एक कापड गुंडाळून, पँट उलटी करून हातात घेऊन बाहेर आली. बोटांनी शिवण चाचपली. बोटांना काही लागेना, तेव्हा तिने ती शिवण उचलून ओठांना लावली आणि वरपासून खालपर्यंत नेली. मी दुसरीकडे बघितलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मला चार दिवसांपूर्वी कळलं. इस्त्री करताना."

"आणि तू गप्प बसलीस?"

"दादाला म्हटलं, तू सांग."

"त्यांना?" ती हसली. "त्यांनी कधी पहिला काप मारलाय?"

दादा अस्तर घेऊन आला. दारातच त्याला सगळं कळलं. टेबलावर जाकीट, तिच्या हातात पँट. तो अस्तराचं पुडकं छातीशी धरून उभा राहिला.

"अगं, मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं. अंग कुणाचं आहे?" तिचा आवाज चढला नाही. "डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, तुम्हीच सांगा कसं वाटतंय. मी शर्ट वर करून दाखवलं. भर दवाखान्यात. ते उत्तर तुम्ही शिवलेलं होतं. मी त्या उत्तरावर सुया टोचून घ्यायला चालले होते."

दादाने अस्तराचं पुडकं मशीनवर ठेवलं.

"टेप घ्या," ती म्हणाली. "माप घ्या माझं. मोठ्याने सांगायचं."

त्याने घेतलं. घेताना त्याला टेपचं टोक सापडेना. "सव्वीस," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"सव्वीस."

फर्मा चौतिसाचा होता. ती स्टुलावर बसली आणि थोडा वेळ रडली, आमच्या दोघांच्या समोरच, तोंड न झाकता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठीची हाडं हाताला लागली आणि मला वाटलं, आम्ही तिघं इतके दिवस बघत काय होतो.

त्या रात्री ती माझ्या खोलीत झोपली. मी तिला म्हटलं, "दादा वाईट नाहीये गं."

"मला माहीत आहे. त्यांचा राग नाही आला मला," ती म्हणाली. "मला कळलं नाही, याचा आला. रोज घालत होते, आणि मला कळलं नाही. शिवलंय पण काय सुरेख, बघितलंस ना? मेल्याचा हातच तसा आहे." मग आम्ही दोघी हसलो, आणि पुन्हा रडलो.

ठरलेल्या दिवशी हॉस्पिटलात तिने खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. "मागच्या वेळी मी चुकीचं माप दिलं. कमर चौतीसवरून सव्वीसवर आलीय. जेवण दोन घास. जिना चढताना मधे बसावं लागतं. आता सांगा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग मी पण सरळ सांगते. हे औषध ज्यांच्या अंगात ताकद आहे त्यांनाच थोडं मानवतं. तुमच्या आत्ताच्या तब्येतीत उपयोग व्हायची शक्यता फार कमी आहे. तोंड येईल, जुलाब होतील, थकवा वाढेल, बोटांचा बधिरपणा जाणार नाही. औषध घेतलं तरी हातात काही महिनेच आहेत, न घेतलं तरी काही महिनेच. घेतलं तर त्यातला बराचसा वेळ इथे जाईल."

वहिनी विचार करत बसली. मग म्हणाली, "विरलेल्या कापडाला नवं ठिगळ लावलं ना, की ठिगळ टिकतं, भोवतीचं कापड फाटतं."

"असंच काहीसं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण कापडाला काय हवं ते विचारावं लागत नाही, तुम्हाला विचारावं लागतं. तुम्ही घ्यायचं म्हणालात तर मी देईन, आणि नको म्हणालात तर सोडून देणार नाही. दुखण्यावर औषधं देऊ, घरी नर्स येईल, काहीही झालं की फोन करायचा."

वहिनी दादाकडे वळली. "तुमचं काय म्हणणं आहे?"

मला वाटलं, हा आता खडूने रेघ मारणार आणि पुसणार. पण तो तिच्याकडे बघत म्हणाला, "मला तू पाहिजेस. कशीही."

"ते मला माहीत आहे," वहिनी म्हणाली आणि त्याच्या हातावर हात ठेवला. "पण हे कापायचं काम माझं आहे." मग डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "नको औषध. दुखण्याचं तेवढं बघा."

लेक आली, भांडली, रडली, वडलांवर ओरडली, माझ्यावर ओरडली. आईवर ओरडायला गेली तेव्हा आईने तिच्या हातात उसवायचं जाकीट दिलं. दोघींनी बसून ते अख्खं उसवलं. उसवता उसवता काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मुद्दाम. वहिनीने कापड नव्या मापाने परत कापलं आणि दादाने शिवलं. आता ती तेच घालून दुकानात बसते.

रोज नाही, जमेल तेव्हा. नर्स येते, गोळ्या बदलते, गप्पा मारते आणि जाताना स्वतःच्या कपड्यांची दुरुस्ती फुकट करून घेते. दुखणं बऱ्यापैकी आवाक्यात आहे. काही दिवस वाईट जातात, तेव्हा वरून घंटी वाजली की दादा मशीन तशीच सोडून पळतो. कात्री आता तिला पेलत नाही. ती खडूने रेघ मारते आणि दादा कापतो. पहिले दोन कपडे वाया गेले. ती उंच स्टुलावर बसून म्हणते, "मारा. अहो, मारा की. कापड चावत नाही." तो घाम पुसतो आणि कापतो. अजून कडा वेड्यावाकड्या येतात, पण येतात.

कपडे आत घ्यायचं काम चालूच आहे. आता मात्र उघड उघड, तिच्या हुकुमाने. दुकान उघडलं की आठवड्यातून एकदा ती टेबलाला धरून उभी राहते, दादा टेप लावतो आणि आकडा मोठ्याने सांगतो. पंचवीस सांगितलं तेव्हा त्याचा आवाज फाटला होता. ती नुसती हं म्हणाली. साडेचोवीस सांगितलं त्या दिवशी तो जेवला नाही. वर तीच मला म्हणाली, "मला नाही गं एवढं लागत. मी एकदा ठरवलं ते ठरवलं. यांचंच कठीण आहे."

परवा मी इस्त्री तापत ठेवली होती. दादाने टेप लावली. मी बाजूलाच उभी होते, मला आकडा स्वच्छ दिसला, तेवीस. दादाने टेप पुन्हा सारखी केली. मग मोठ्याने म्हणाला, "पंचवीस."

मी बोलायला तोंड उघडलं. वहिनी मान खाली घालून टेपकडेच बघत होती. आयुष्यभर उलटे आकडे वाचलेली बाई, तिला दिसलं नाही असं होणारच नव्हतं. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

"पंचवीस," ती मोठ्याने म्हणाली. "म्हणजे भरतेय की मी थोडी."

दादाने टेप गुंडाळली. त्याला किती हायसं वाटलं ते मला त्याच्या पाठीवरून सुद्धा कळलं.